एकटीने वडिलांचे आजारपण काढणाऱ्या मामेबहिणीला नेमका आधार कसा द्यावा?

मुलुंडकरीण

नमस्कार. माझे मामा 76 वर्षांचे आहेत आणि लालबागच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. गिरणीच्या कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणी सुटली, पण तोवर कापसाची बारीक धूळ छातीत बसली होती आणि जोडीला विडीही होती. रविवारच्या सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी व्हायची, असे ते आजही सांगतात. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, खूप पुढच्या टप्प्यावर आहे, फुप्फुसांचा ताण वर्षानुवर्षे सोसून हृदयाची उजवी बाजूही थकली आहे, पायांवर सूज राहते, आणि दिवसातले बहुतेक तास नाकाला ऑक्सिजनची नळी असते.

मामी हयात नाहीत. धाकटा मामेभाऊ नोकरीनिमित्त दुबईला आहे. त्यामुळे मामांचे सारे माझी मामेबहीण एकटी करते. ती एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. दिवसा एक मावशी येतात. त्या गेल्या की संध्याकाळ, रात्र आणि सुट्टीचे दिवस हिचेच. नातेवाईक फोन करतात आणि सगळेच "काही लागले तर हक्काने सांग" असे म्हणून फोन ठेवतात. ती कुणालाच काही सांगत नाही. मागे भेटायला गेले तेव्हा ती बोलता बोलता मध्येच थांबायची आणि आतल्या खोलीकडे कान लावायची. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज सुरळीत आहे अशी खात्री पटली की मगच उरलेले वाक्य पूर्ण करायची.

मामांच्या उपचारांसाठी डॉक्टर आहेत. माझा प्रश्न तिच्याबद्दल आहे. तिच्यासाठी मी, आणि आम्ही नातेवाईक मिळून, नेमके काय करू शकतो? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आणखी एक गोष्ट म्हणजे मामांनी गणपतीला गावी, सावंतवाडीकडे, जाण्याचा हट्ट धरला आहे आणि तिला नाही म्हणवत नाही.


काठावरची

माझ्या आईला हाच जोडआजार होता, म्हणून लिहिते. बाहेरच्या माणसाला या दुखण्याची चाल लवकर कळत नाही. रुग्ण अचानक अत्यवस्थ होतो, रुग्णालयात जातो, घरी परत येतो, थोडा सावरतो. पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा एक पायरी खालीच थांबतो. पुढचा झटका उद्या येईल की सहा महिन्यांनी, हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. त्यामुळे सांभाळणारी व्यक्ती वर्षानुवर्षे पहाऱ्यावर असते. तुमची बहीण वाक्य अर्धवट सोडून यंत्राचा आवाज ऐकते, त्यावरून मला वाटते की तिला सर्वांत जास्त गरज झोपेची आहे, आणि ही झोप तिला दुसऱ्या कुणावर तरी पूर्ण भरवसा ठेवता आला तरच मिळेल.

म्हणून "कधीही बोलव" असे म्हणू नका. काय मागायचे, कुणाकडे आणि केव्हा, हे ठरवण्याचे कामही त्यामुळे तिच्याच डोक्यावर पडते. त्याऐवजी "दर शनिवारची रात्र माझी" असे सांगा आणि तो शनिवार कोणत्याही लग्नकार्यासाठी मोडू नका. त्याआधी काही संध्याकाळी तिच्या हाताखाली शिकून घ्या, म्हणजे नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) कसा लावायचा, नळी कुठे निसटते, मामा रात्री कितीदा उठतात, कोणत्या कुशीवर झोपतात, हे सारे. तुम्हाला हे येते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की ती झोपेल. माझ्या वहिनीने माझ्यासाठी हेच केले होते, आणि त्या आठवड्यांत मी पुन्हा माणसात आले.


निवृत्त परिचारिका

महापालिकेच्या रुग्णालयात छातीविकारांच्या वॉर्डात माझी बरीच नोकरी झाली. वरच्या ताईंनी शिकून घेण्याबद्दल लिहिले आहे, त्यालाच जोडून शनिवारच्या रात्रीसाठी लागणारे सांगते. तरीही तुमच्या डॉक्टरांनी दिलेली सूचना वेगळी असेल तर तीच पाळावी.

ऑक्सिमीटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा आकडा पाहून नातेवाइकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. निरोगी माणसाला 97-98 असतो, म्हणून यांचाही तेवढा दिसावा असे वाटते आणि कुणीतरी ऑक्सिजनचा प्रवाह वाढवते. सीओपीडीच्या अशा रुग्णांना बहुधा 88 ते 92 हीच मर्यादा सांगितलेली असते, कारण गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. सकाळी उठताच डोके दुखणे, दिवसा गुंगी असणे, बोलण्यात घोटाळे होणे ही त्याची लक्षणे असतात. प्रवाह किती ठेवायचा तो आकडा कागदावर लिहून यंत्रावरच चिकटवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

रात्री दम लागला की रुग्ण घाबरतो, घाबरला की श्वास आणखी उथळ होतो, आणि पाहणाराही घाबरतो. अशा वेळी त्यांना बसते करा, पुढ्यात टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कोपरे टेकवायला सांगा, आणि लहान पंखा थेट चेहऱ्यावर वारा येईल असा धरा. चेहऱ्यावरच्या वाऱ्याने धाप लागल्याची जाणीव खरोखर कमी होते. शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडायला सांगा आणि तुम्हीही त्यांच्यासमोर तसाच सोडा. ज्याचे उत्तर तोंडाने द्यावे लागेल असा एकही प्रश्न त्या क्षणी विचारू नका. मान किंवा हात हलवून सांगता येईल एवढेच विचारा. नेब्युलायझर आणि विश्रांतीनंतरही दोन शब्द सलग बोलता येत नसतील, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करावा.

नेहमीची धाप कोणती आणि काळजीची कोणती, हे डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. हा कागद नसतो म्हणून घरचे लोक प्रत्येक रात्री स्वतःच डॉक्टर होऊन निर्णय घेत बसतात, आणि थकवा तिथेच येतो.

हृदयाच्या बाजूने रोजचे वजन महत्त्वाचे आहे. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढले तर ते पाणी असते; सूज डोळ्यांना दिसेपर्यंत थांबू नका, फोन करा. लघवी वाढवणारी गोळी शक्यतो सकाळीच द्यावी. मिठाच्या बाबतीत लोणचे-पापड सगळ्यांना आठवतात, पण मामा कोकणातले आहेत म्हणून सांगते की सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा यांतून बरेच मीठ पोटात जाते. त्यावर उपाय म्हणून बाजारातले कमी सोडियमचे मीठ मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचे ठरते. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळीही नको. तिने शरीरात पाणी साठते.

यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, जाळी दर आठवड्याला धुवा, बाटलीत डिस्टिल्ड वॉटरच भरा, आणि त्याचा प्लग अनेक उपकरणे लावलेल्या पट्टीत खुपसू नका. नळी असलेल्या खोलीत समई, उदबत्ती, धूप, विडी यांपैकी काहीही नको. नाक कोरडे पडते म्हणून व्हॅसलीन किंवा बाम लावण्याची सवय असते, तीही मोडावी लागेल, कारण ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात.


गिरणगावकर

मी चाळीतच वाढलो आणि माझे वडीलही गिरणीत होते, म्हणून ज्या गोष्टी बंद सदनिकेत राहणाऱ्यांच्या सहज लक्षात येत नाहीत त्या लिहितो. तुमच्या मामांकडे संडास गॅलरीच्या टोकाला आहे का? असल्यास सकाळची ती गोळी घेतल्यावर माणसाला चार-पाच वेळा उठून जावे लागते, नळी काढावी लागते, आणि परत येईपर्यंत छाती भात्यासारखी चालते. मग रुग्ण स्वतःच गोळी टाळतो किंवा पाणीच पीत नाही, आणि मुलीशी त्यावरून रोज वाद होतो. खाटेशेजारी कमोड खुर्ची आणि एक युरिन पॉट ठेवला की हा वाद मिटतो. मुंबईत अनेक सेवाभावी संस्था अनामत रकमेवर खुर्ची, चाकाची खुर्ची, डोके वर करता येणारा पलंग असे साहित्य वापरायला देतात. विकत घेण्याआधी चौकशी करावी. वडिलांना मुलीसमोर कमोड वापरायचा संकोच वाटतो, तेव्हा ही गोष्ट घरातल्या एखाद्या पुरुष नातेवाइकाने त्यांच्याशी बोलावी. या एका बोलण्याने तिच्यावरचा मोठा भार उतरेल.

वीज हा दुसरा विषय. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती आणि काही भागांत ती यायला संध्याकाळ उलटली. मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारे यंत्र साधारण 350 वॅट घेते. घरगुती इन्व्हर्टरवर ते तीन-चार तास चालेल, त्यापुढे सिलिंडर हवाच. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर वायू असतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरने जवळपास 12 तास. तो लाकडी जिन्याने तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, कुठल्या दुकानातून भरून आणणार, हे आजच ठरवून ठेवा. चाळीतल्या मुलांना नावानिशी काम सांगा. आमच्याकडची मुले मध्यरात्रीही धावून येतात, मात्र त्यांना आधी माहीत असायला हवे.

आणि गणपती. लालबागच्या गर्दीत त्या दहा दिवसांत रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत किती वेळ जाईल हे सांगता येत नाही. त्यात ढोल, फटाके आणि धूर. मामा गावी जावोत न जावोत, त्या दिवसांची सोय वेगळी करावी लागेल.


स्पष्टवक्ता

मला वाटते, मामांना गावीच न्यावे. मुंबईतल्या बांधकामांच्या धुळीत आणि हिवाळ्यातल्या धुरक्यात त्यांची छाती कशी टिकणार? ताईंनी वर्षभर बिनपगारी रजा घ्यावी किंवा नोकरी सोडावी. आईवडील पुन्हा मिळत नाहीत.


काठावरची

स्पष्टवक्ता, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण दोन्ही सल्ल्यांशी मी असहमत आहे. गावची हवा निश्चितच चांगली आहे. मात्र पावसाळ्यात तिथे वीज तासन्‌तास जाते, आणि मध्यरात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारे यंत्र) लावू शकणारे रुग्णालय घाटरस्त्याने किती दूर असेल याचा विचार करावा. नोकरीबद्दल सांगायचे तर मी सोडली होती. आई गेल्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कामाच्या शोधात निघणे किती कठीण असते ते मी जाणते. शिवाय नोकरीमुळे दिवसातले काही तास ती रुग्णाची मुलगी नसते, स्वतःच्या नावाने ओळखली जाते. ते तास तिच्याकडून काढून घेऊ नयेत. दिवसाच्या मावशींचा पगार नातेवाइकांनी मिळून उचलला आणि मावशींनाही वरची सगळी माहिती नीट शिकवली, तर तिचे कार्यालयातले तास निर्धास्त जातील.


परदेशस्थ

मी तुमच्या मामेभावाच्या जागी आहे. पैसे पाठवले की कर्तव्य झाले असे दूरच्या भावाला वाटू शकते, आणि जवळच्या बहिणीला ते टोचते. दुरूनही बरीच कामे अंगावर घेता येतात. औषधे मागवणे, अहवाल एका ठिकाणी ठेवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, यंत्राच्या दुरुस्तीचा पाठपुरावा करणे ही माझ्याकडे आहेत आणि बहीण त्यांत लक्ष घालत नाही. मामांचे वय 70 च्या पुढे आहे, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढले नसल्यास भावाने ते काम घ्यावे; त्यासाठी उत्पन्नाची अट नाही आणि रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मामांचा आरोग्यविमा नसेल आणि बहीण जुन्या करप्रणालीत असेल, तर त्यांच्या उपचारांवरच्या खर्चापोटी आयकरात 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, तिच्या पावत्याही त्यानेच जपाव्यात.


सोबती

उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत, स्वयंसेवक म्हणून काम करतो. या धाग्यावर तो विषय अजून आलेला नाही आणि तो यायला हवा. ही सेवा म्हणजे उपचार थांबवणे असा समज आहे, त्यामुळे घरचे लोक शेवटच्या दोन दिवसांत विचारणा करतात. प्रत्यक्षात इनहेलर, हृदयाच्या गोळ्या, रुग्णालयात जाणे हे सगळे चालू असतानाच तिची मदत घेता येते. धाप, झोप, भीती आणि सांभाळणाऱ्याची अवस्था हे तिचेच विषय आहेत. सर्व उपाय करूनही धाप आटोक्यात येत नसेल तर जाणकार डॉक्टर तोंडावाटे अत्यल्प मात्रेत मॉर्फिन देतात. नाव ऐकून दचकू नका. अमली पदार्थांच्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना ते देणे सुकर झाले आहे.

मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, पण ते कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहे. तुमच्यासाठी महालक्ष्मीच्या किंग जॉर्ज मेमोरियलच्या आवारातील सुकून निलय येथे चौकशी करून पाहा. तिथे कर्करोगाखेरीज इतर आजारांच्या रुग्णांचाही विचार होतो. साथ-साथ या हेल्पलाइनवर, 1800-202-7777, जवळच्या उपशामक सेवेची माहिती मिळते. बहिणीला स्वतःला बोलावेसे वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

मामा शुद्धीवर आणि बोलते आहेत, तोवर एक बोलणे व्हायला हवे: पुढच्या झटक्यात अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वासाचे यंत्र त्यांना हवे आहे का? हे न विचारल्यास मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात तो निर्णय तिला एकटीला घ्यावा लागतो आणि पुढची अनेक वर्षे ती स्वतःला प्रश्न विचारत राहते. त्यांची इच्छा लेखी ठेवायची असेल तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये पद्धत सोपी केली आहे; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. हे बोलणे तिने नव्हे, मामांच्या वयाच्या, त्यांना मानणाऱ्या कुणीतरी सुरू करावे.


मुलुंडकरीण

सर्वांचे मनापासून आभार. मी हा संपूर्ण धागा तिला दाखवला नाही, पण त्यातले बरेच करायला घेतले आहे. शनिवारची रात्र माझी झाली आहे. पहिल्या वेळी ती आतल्या खोलीत झोपायला गेली आणि दर तासाने उठून आली. दुसऱ्या वेळी मी मामांना बसते करून पंखा धरला होता, ते तिने दारातून पाहिले, काही न बोलता परत गेली, आणि सकाळी मी चहा ठेवला तरी उठली नव्हती. मामेभावाने औषधे, कार्ड आणि मावशींचा पगार स्वतःकडे घेतला. कमोडबद्दल माझे यजमान मामांशी बोलले. पहिल्यांदा रागावले, आता वापरतात. डॉक्टरांनी तो कागद अर्ध्या पानात लिहून दिला. इतके सोपे होते तर आधीच का मागितला नाही, असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला सांगितले की मागायला उसंत तरी कुठे होती.

सोबती यांनी सुचवलेले बोलणे माझ्या वडिलांनी सुरू केले. मामांनी त्यांना अगदी थेट सांगितले की, गळ्यात नळी घालून ठेवू नका, बाकी काय करायचे ते करा. आता ते लेखी करून घेत आहोत.

गावी जाण्यास डॉक्टरांनी यंदा स्पष्ट नकार दिला आणि तो त्यांनी मामांना स्वतः सांगितला, त्यामुळे तो वाईटपणा तिच्याकडे आला नाही. गणपतीचे दहा दिवस मामा मुलुंडला माझ्याकडे राहतील. आमचे घर तळमजल्यावर आहे आणि रुग्णालय जवळ आहे. भाड्याचे दुसरे यंत्र दोन दिवस आधीच आणून चालवून पाहणार आहोत. ती मात्र लालबागलाच राहणार आहे. मैत्रिणींबरोबर गणपती पाहायला जायचे असे तिने आपणहून सांगितले.

परिचारिकाताई, लालबाग ते मुलुंड प्रवासात काय सांभाळावे?


निवृत्त परिचारिका

सकाळी लवकर निघा, म्हणजे रस्ता मोकळा मिळेल. चाळीतल्या मुलांनी मामांना खुर्चीत बसवूनच उतरवावे, एकही पायरी चालवू नये. रस्त्यात जेवढा वेळ लागेल असे वाटते त्याच्या किमान दुप्पट पुरेल इतका ऑक्सिजन सिलिंडरमध्ये आहे ना, ते काटा पाहून घ्या. सिलिंडर गाडीत पट्ट्याने घट्ट बांधा, काचा थोड्या खाली ठेवा, गाडीत कुणी विडी-सिगारेट पेटवू नये. सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधा. ती घरी विसरल्याने भरलेला सिलिंडर उघडता आला नाही, असे मी पाहिले आहे. निघण्याआधी पोटभर जेवण नको, आणि त्या सकाळची लघवीची गोळी मुलुंडला पोहोचल्यावर दिली तर चालेल का, एवढे डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. वजनाची वही, औषधांची यादी आणि तो अर्ध्या पानाचा कागद तुमच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या, सामानात नको.